दोन ज्ञानेश्वर आणि एकतीस बाइट

परवा कपाट आवरताना एक जुनी हार्ड डिस्क सापडली. चालू होईल असं वाटलं नव्हतं, पण झाली. त्यात 2006 सालचं 'दुकान' नावाचं फोल्डर, आणि फोल्डरात मी सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम. वरूनच चाळत होतो, तर ती ओळ दिसली. गिऱ्हाइकाचं नाव ठेवायला 32 बाइटांची जागा. बस्स, एवढीच ओळ. पण इतक्या वर्षांनी बघूनही पोटात गोळा आला.

आमच्या घरच्यांपैकी जे हा ब्लॉग वाचतात त्यांना ही गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे. उरलेली आज सांगून टाकतो.

देवळ्याला आप्पांचं खत-बियाणांचं दुकान होतं. कसमादे पट्ट्यातलं (बाहेरच्या मंडळींसाठी: कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) असं कुठलंही दुकान चालतं ते उधारीवर. शेतकरी खत-औषध घेऊन जातो आणि उन्हाळ कांदा विकला गेला की पैसे आणून देतो. ही सगळी उधारी आप्पांच्या लाल वहीत असायची. मी तेव्हा पुण्यात नवा नवा नोकरीला लागलेलो, अंगात नुसती खुमखुमी. दिवाळीला घरी आलो आणि चार दिवसांत आप्पांना खतावणीचा प्रोग्राम करून दिला. लोडशेडिंग जबरदस्त होतं. लाइट आली की मी कीबोर्डवर आणि गेली की ओट्यावर. दुकानातल्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर फेडोरा टाकलं, कारण फुकट. खिडक्या, बटणं जीटीकेमध्ये केली. अक्षरं लोहित फॉन्टमध्ये, जे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले आणि रेड हॅटने 2004 मध्ये सगळ्यांसाठी खुले केलेले. पडद्यावर स्वच्छ मराठीत 'मागील बाकी' उमटलं तेव्हा आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मी पुण्याला परत गेलो. धाकट्या चुलत बहिणीने पुढच्या महिनाभरात वहीतली साडेतीनशे खाती त्यात भरली. एकदा फोनवर म्हणाली, "दादा, काही नावं तुटकी दिसताहेत. एक-दोन ठिकाणी नावाच्या शेवटी काहीतरी भलतंच येतंय. आणि एकाचं नुसतं 'रामचंद्र वि' एवढंच आलंय."

मी म्हणालो, "फॉन्टचा प्रॉब्लेम असेल गं."

आता जरा गणित. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल, पण मग माझी चूक किती मूर्खपणाची होती ते कळणार नाही!) कॉम्प्युटर अक्षरं बाइटमध्ये साठवतो. इंग्रजीतल्या एका अक्षराला एक बाइट. पूर्वीच्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये मराठीचंही साधारण तसंच होतं, एका खुणेला एक बाइट. युनिकोड आल्यावर, म्हणजे त्याच्या यूटीएफ-8 या प्रकारात, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागू लागले. खूण म्हणजे अख्खं अक्षर नव्हे हं. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडायचा हलन्तसुद्धा वेगळा. आपलं 'देवळा' घ्या. आपण म्हणू तीन अक्षरं. कॉम्प्युटरच्या लेखी द, मात्रा, व, ळ आणि काना अशा पाच खुणा, आणि बाइट पंधरा.

सी भाषेला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. ती फक्त बाइट मोजते. 32 बाइटांची जागा असली की शेवटचा एक बाइट 'नाव संपलं' हे सांगायला जातो, उरतात एकतीस. आता 'ज्ञानेश्वर' लिहून बघा. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा खुणा, तीस बाइट. पुढची मोकळी जागा धरून एकतीस. संपलं! वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. आणि गंमत म्हणजे तुकडा अगदी खुणेच्या काठावर पडत असल्याने पडद्यावर काही मोडकंतोडकं दिसतही नाही. दिसतो तो एक स्वच्छ, सुंदर, पूर्ण वाटणारा 'ज्ञानेश्वर'.

आप्पांच्या वहीत ज्ञानेश्वर दोन होते.

बहिणीने पहिला भरला, बाकी 4,200. मग दुसरा भरला, 7,640. प्रोग्रामने नाव ताडून बघितलं, 'हे खातं तर आहेच' असं ठरवलं आणि रक्कम त्यात मिळवून टाकली. एकूण 11,840.

एप्रिलमध्ये पहिले ज्ञानेश्वर बाबा कांदा विकून थेट दुकानात आले. वयस्कर माणूस, लिहिता-वाचता न येणारा. त्यांच्या हिशेबाने चारेक हजार होते. आप्पांनी कॉम्प्युटरवर बघून 11,840 सांगितले. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कॉम्प्युटर सांगस तं बरोबरच व्हई आप्पा," आणि कमरेची पिशवी सोडून पैसे मोजून दिले. कांद्याचे बहुतेक सगळेच गेले असणार.

महिन्याभराने दुसरे आले. कॉम्प्युटरवर त्यांची बाकी शून्य. तो माणूस गुपचूप निघून गेला असता तर आजतागायत कुणाला काही कळलं नसतं. पण ते उलट आप्पांशीच हुज्जत घालू लागले, "मी तं आजून पैसा दिधाच नहीत!" तेव्हा आप्पांनी लाल वही काढली.

त्याच संध्याकाळी आप्पा एम-एटीवर बसून त्या बाबांच्या मळ्यात गेले आणि जास्तीचे पैसे देऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही. रात्री जेवले नाहीत, एवढंच आई सांगते.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फोनवर विचारायचो, "आप्पा, प्रोग्राम चालतोय ना?" ते म्हणायचे, "लाइटच नसते रे. वहीच बरी पडते." मलाही ते पटायचं. लोडशेडिंग खरंच होतं ना! पुढच्या दिवाळीला दुकानात गेलो, तर कॉम्प्युटरवर फुलाफुलाची उशीची खोळ आणि तिच्यावर लाल वही. आईने स्वयंपाकघरात चकल्या तळता तळता खरं काय ते सांगितलं.

त्या रात्री मी माळ्यावर बसून कोड उघडला. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण खरा चटका वेगळाच होता. जे हवं होतं ते सगळं माझ्या हाताशी होतं. मी जीटीके वापरलं होतं, आणि जीटीके ज्याच्यावर उभं आहे ते जीलिब त्याच्याबरोबर आपोआप येतंच. (ग्लिबसी म्हणतात ते वेगळं. नावं सारखी असल्याने आजही लोक गोंधळतात.)

जीलिब म्हणजे काय हे आमच्या आईला सांगायचं तर तिचा डालड्याचा डबा. सुई, दोरा, बटणं, सेफ्टी पिना, सुतळीचा तुकडा. एकही वस्तू मिरवण्यासारखी नाही, पण रोज कुणाला तरी त्यातलं काहीतरी लागतं. बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 च्या सुमारास गिम्प हा चित्रांचा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याच्या खिडक्या-बटणांसाठी जीटीके झालं, आणि त्यातली कुठेही उपयोगी पडतील अशी बारीकसारीक कामं पुढे बाजूला काढून त्यांचं जीलिब झालं. याद्या, कोष्टकं, तारखा, फाइलींचे पत्ते जोडणं. तेच काम लिनक्सवर, तेच विंडोजवर, मधले फरक ते स्वतः पोटात घालतं. 2002 च्या मार्चमध्ये जीलिब 2.0 आलं आणि त्यात यूटीएफ-8 ची सगळी हत्यारं होती. म्हणजे मी आप्पांसाठी ओट्यावर बसून कोड लिहीत होतो त्याच्या चार वर्षं आधी!

जी-स्ट्रडप नावाचं एक रूटीन आहे. नाव द्या, ते जेवढं लांब असेल तेवढी जागा घेऊन त्याची प्रत काढून देतं. बत्तीस नाही, चौसष्ट नाही, लागेल तेवढी. कापायचंच असेल तर बाइटऐवजी खुणा मोजून कापणारं वेगळं रूटीन आहे. मजकूर मध्येच तुटलाय का ते तपासणारंही आहे. ते वापरलं असतं तर बहिणीने सांगितलेली, शेवटी भलतंच दिसणारी ती एक-दोन नावं तरी पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. माझ्यासारख्या कुणीतरी आधी आपटी खाल्ली असणार, त्याशिवाय अशा गोष्टी कुणी लिहीत नाही. मला मात्र वाटलं, नाव कॉपी करायला कसली लायब्ररी? ते तर आपण कॉलेजातच शिकलो.

जीलिबवाले काही देव नाहीत. 2021 मध्ये त्यांच्याच जी-मेमडप या रूटीनमध्ये भोक सापडलं. किती बाइटांची प्रत काढायची तो आकडा ते 32 बिटांत घ्यायचं. 64 बिटांच्या मशीनवर त्याहून मोठा आकडा दिला की वरचा भाग गुपचूप गळून जायचा आणि जागा भलतीच कमी घेतली जायची. शेवटी 2.68 मध्ये त्यांनी जी-मेमडप2 आणलं आणि जुनं वापरू नका म्हणून सांगितलं. ती बातमी वाचून मला, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं. :-)

तर 2007 च्या त्या दिवाळीत मी प्रोग्राम परत लिहिला. नावं जीलिबच्या हवाली केली. दोन्ही ज्ञानेश्वर पूर्ण नावानिशी वेगळे दिसायला लागले. मी खूश होऊन आप्पांना दाखवायला गेलो. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "आणि बापाचं नाव न् आडनाव पण एकच असलं तर?"

मी गप्प.

त्यांनी लाल वही उघडून दाखवली. प्रत्येक खात्याला पान नंबर, आणि नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. 'विहिरीजवळचे'. 'भऊरचे जावई'. 'लंगडा बैल'. जीलिबने माझं कापणं थांबवलं असतं, पण नुसत्या नावावरून माणूस ओळखायचं मीच ठरवलं होतं, त्याला ते काय करणार? रात्री बसून खाते नंबर घातला आणि नावापुढे एक जास्तीचा रकाना ठेवला. रकान्याला नाव काय द्यावं ते सुचेना, म्हणून 'ओळख' ठेवलं.

आप्पांनी तो प्रोग्राम वापरला नाही. वहीच चालू राहिली, दुकान बंद होईपर्यंत.

गेल्या महिन्यात देवळ्याला गेलो होतो. आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला कमी येतं. ही डिस्क सापडल्याचं सांगितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "तेव्हा मला का नाही सांगितलंत? लाइटचं कशाला सांगत होतात?"

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू सुट्टी काढून आला असतास. नवी नोकरी होती तुझी."

मग थोडं थांबून म्हणाले, "आणि परत साडेतीनशे नावं कोण भरणार होतं?"