एका गणितापाशी थांबणं

भाची अंबडला आठवीत आहे. शिष्यवृत्तीच्या सरावात ती भराभर गोल काळे करते. गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीसाठी, म्हणजे आयओक्यूएम परीक्षेसाठी, मात्र तिने थांबायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. तिथे 3 तासांत 30 प्रश्न, पर्याय नाहीत. आज विचारलं, कुठल्याही पूर्ण संख्येच्या घनातून तीच संख्या वजा केली, तर उत्तराला 6 ने भाग का जातो? तिने 2, 3, 4 घेऊन पाहिलं: 6, 24, 60. मग कितीतरी वेळ खाडाखोड. शेवटी अवयव पडले आणि ती ओरडलीच, “मामा, या तर लागोपाठच्या तीन संख्या!” त्यांत एक तरी सम, एक तीनच्या पाढ्यातली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. उद्यापासून रोज त्यातला एकच प्रश्न, सिद्धतेसकट.