झाकणामागचं नाव

शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात आणि रस्ता उघडा असतो. चोर बाजारातला जुम्याचा बाजार फजरच्या सुमारासच भरायला लागतो. एका चादरीवर पान्हे, शेजारी चार्जर, त्याच्या बाजूला एकाच पायाचा बूट आणि मधेच एखादा पत्र्याचा डबा, त्यात पन्नास-साठ मनगटी घड्याळं. 2009 पासून मी या डब्यांपाशी उकिडवा बसत आलोय. बायको म्हणते, नमाजेला उठवलं तर हा कूस बदलतो, घड्याळांसाठी मात्र अलार्म लागत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जुनं घड्याळ चांगलं की वाईट, हे कसं ओळखायचं असं बरेच जण विचारतात. आधी डायल बघायची. मूळ डायलवरची अक्षरं बारीक, स्वच्छ असतात. पुन्हा रंगवलेल्या डायलवर ती जाड होतात, मिनिटांच्या रेघा काठाशी वाकड्या जातात, खाली सहाच्या आकड्यापाशी असलेलं ‘स्विस मेड’ कधी सरकतं, कधी गायबच होतं. मग काटे. काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा चमकणारा मसाला एकाच वयाचा दिसला पाहिजे. डायलवरचा पिवळा पडलेला आणि काट्यांवरचा हिरवागार असेल तर काटे दुसऱ्या घड्याळाचे. फार जुन्या घड्याळांत हा मसाला रेडियमचा असे. आता तो चमकत नाही, पण रेडियम निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात, म्हणून तसली डायल घरी उघडून खरवडू नये. त्यानंतर पट्टा अडकवायचे चार पाय. त्यांच्या कडा धारदार असल्या तर बरं. साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर पॉलिशवाल्याने हात साफ केलाय. शेवटी चावी आणि आतली मशीन, दोन्ही त्याच कंपनीची हवीत.

या परीक्षेत नापास होणाऱ्या घड्याळांना जगभरच्या शौकिनांनी नाव दिलंय, ‘मुंबई स्पेशल’. तीन घड्याळांचे अवयव जोडून, डायल भडक निळी किंवा केशरी रंगवून केलेलं चौथं घड्याळ. आपल्या शहराचं नाव असं निघावं याचं वाईट वाटतं. पण मी ते बनवणारे हातही पाहिलेत. सुटे भाग मिळत नाहीत, गिऱ्हाईक दोनशे रुपयांवर जायला तयार नाही, तरी बंद पडलेलं घड्याळ चालू करून द्यायचं, ही कामगिरी साधी नव्हे.

शौकिनाला हवंसं काय वाटेल याचा मात्र नेम नाही. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 मध्ये एचएमटीची घड्याळं निघू लागली. पुढे ‘जनता’ घरोघरी गेलं आणि म्हणूनच कुणी त्याच्याकडे वळून बघत नसे. 2016 मध्ये सरकारने एचएमटी घड्याळांचा कारभार बंद करायचं ठरवलं आणि काल अडगळीत पडलेल्या ‘पायलट’ला भाव आला. फावर-ल्यूबाची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडची ही कंपनी 1865 पासून हिंदुस्थानात माल विकत होती. आमच्या आजोबांच्या पिढीत मुंबईत नोकरी करणारा माणूस फावर-ल्यूबा बांधून गावी आला की चावडीवरचे लोक त्याला वेळ विचारत.

आता एक नियम राहिला. मागच्या झाकणावर कुणाचं नाव कोरलेलं असेल तर किंमत पडते. परक्या माणसाचं नाव कोणाला हवंय? हा नियम मीही पाळला. सुरुवातीच्या काळात एक सुंदर सी चीफ मिळालं होतं, मागे नाव आणि तारीख होती. मी ते बफ करून घेतलं आणि सातशे रुपये नफ्याने विकलं. ते नाव काय होतं, आज कितीही आठवलं तरी आठवत नाही.

2014 मध्ये अब्बांचं निधन झालं. चाळिसाव्यानंतर कपाट आवरताना त्यांचं एचएमटी हाती आलं. मी अम्मीला म्हणालो, “लहानपणी अब्बांच्या हातात दुसरं घड्याळ होतं ना? रेडिओवर पुण्याच्या सात-पाचच्या बातम्या लागल्या की त्याला चावी द्यायचे. ते दुरुस्तीला दिलं होतं, त्याचं काय झालं?”

अम्मी कपड्यांची घडी घालत होती. म्हणाली, “दुरुस्तीला नव्हतं दिलं. तुझ्या डिप्लोम्याची फी भरली त्यातून.”

1988 ची गोष्ट. ते फावर-ल्यूबा आजोबांनी मुंबईच्या गोदीत काम करताना घेतलेलं. अब्बा प्राथमिक शाळेत लागले तेव्हा त्यांनी ते मुलाच्या हाती बांधलं. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कोरणाऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, ‘मास्तर’ लिही. त्याने ‘मास्तर 1966’ असं लिहून दिलं. फीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी अब्बा एसटीने कराडला गेले आणि रिकाम्या मनगटाने परत आले. पुढे चार महिने मी अधूनमधून विचारायचो, “अब्बा, घड्याळ आलं का?” ते म्हणायचे, “त्याचा पार्ट मिळत नाही बेटा.”

सव्वीस वर्षं मला ते खरं वाटत होतं. शिवाय ज्या विकत घेणाऱ्याने ते घेतलं असेल, त्यानेही माझ्यासारखंच केलं असणार. ‘मास्तर’ पुसून टाकलं असेल. चार पैसे जास्त मिळाले असतील.

तेव्हापासून डब्यात फावर-ल्यूबा दिसलं की मी डायल बघत नाही. आधी उलटं करतो.

मागच्या हिवाळ्यात एक मिळालं. डायल डागाळलेली, काच चरे पडून धुरकट. उलटं केलं तर बापाने मुलाला मॅट्रिक पास झाल्याबद्दल दिल्याचा मजकूर होता, मराठीत, सनासकट. घासून घासून पुसट झालेला. विकणारा तिशीतला पोरगा होता. मला ओळखतो. म्हणाला, “अंकल, नाम की फिकर मत करो. सामने बफवाला है, दस मिनट में निकाल देगा.”

मी म्हणालो, “नाम के साथ कितने का?”

त्याला वाटलं मी भाव पाडतोय. त्याने तीनशे कमी केले. मी मूळ किंमत दिली, तेव्हा तो माझ्याकडे जरा काळजीने बघत राहिला.

सापडलेल्या वस्तूबद्दल फिकहमध्ये एक रीत आहे. तिला लुक्ता म्हणतात. वस्तू मिळाल्याची वर्षभर जाहीर हाक द्यायची, पण तिच्या खुणा सांगायच्या नाहीत. खुणा मालकाने येऊन सांगायच्या. मी हे घड्याळ रोख पैसे मोजून घेतलंय, तेव्हा हा नियम मला काटेकोरपणे लागू होत नाही. पण ते त्या घरातून कसं बाहेर पडलं, कुणाची फी भरायची होती की दवाखान्याचं बिल, हे मला माहीत नाही.

म्हणून इथे नाव लिहीत नाही, सनही नाही. घड्याळ फावर-ल्यूबाचं आहे, बापाने मुलाला दिलेलं आहे, मी ते रोज सकाळी चावी देऊन चालू ठेवलंय. दिवसाला दोनेक मिनिटं मागे पडतं. ज्याचं असेल त्याने मागे काय लिहिलंय तेवढं सांगावं आणि घेऊन जावं. पैसे नकोत.