रोप टाकायच्या आधी

निफाडचं नाव टीव्हीवर दोनदाच येतं. थंडी पडली की, आणि कांदा पडला की. एरवी देशात काय चाललंय ते आम्ही बघत असतो आणि त्यावर बोलत असतो. बोलायला जागाही ठरलेल्या आहेत. सकाळी चहाची टपरी, दुपारी बाजार समितीचं आवार, संध्याकाळी पार. आणि दिवसभर कधीही, माझं दुकान.

खता-औषधांचं हे दुकान वडिलांनी टाकलं, नाशिक–संभाजीनगर रस्त्याला लागून. गल्ल्यावर बसून राजकारण करायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. गिऱ्हाईक दोन्हीकडचं असतं आणि उधारी दोघांकडून वसूल करायची असते. मी ती ताकीद बऱ्यापैकी पाळतो. पण काउंटरच्या पलीकडे राजकारण होतं ते होतंच, आणि त्याला कारण अंगठ्याचं मशीन. अनुदानाचं खत घ्यायचं तर आधार नंबर टाकून मशीनवर अंगठा द्यावा लागतो. कांदा काढणीच्या दिवसांत अंगठे इतके झिजलेले असतात की मशीन माणसाला ओळखतच नाही. मग अंगठा पँटीला पुसायचा, पुन्हा ठेवायचा, नाही तर दुसरं बोट द्यायचं. तेवढ्यात रेंज जाते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. ती ताब्यात येईपर्यंत माणूस निवांत देश चालवून घेतो.

या चर्चा ऐकता ऐकता मला एक सवय लागली. कुणी ठासून मत मांडलं, की मी मनातल्या मनात विचारतो, याच्या शेतात काय उभं आहे?

थंडीचंच घ्या. आमच्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथला पारा दर डिसेंबर-जानेवारीत राज्यभर गाजतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो दोन अंशांच्याही खाली गेला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन आले. मजा आहे म्हणे तुमची! त्याच पहाटे द्राक्षवाला अंधारात उठून बागेत शेकोट्या पेटवत होता, वेलींना पाणी सोडत होता. कडाक्याच्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेले मणी तडकतात. बांधापलीकडचा गहूवाला मात्र गोधडीत खूश. गव्हाला थंडी मानवते. पारा एकच, मतं दोन, आणि दोन्ही खरी.

अलीकडे सगळ्यात जास्त मतं बिबट्यावर पडतात. चांदोरी, सायखेडा, म्हाळसाकोरे, सगळ्या गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत. शहरातली माणसं सांगतात, तुम्ही जंगल तोडलं म्हणून तो गावात आला. इथं गोदाकाठी जंगल कुठलं? आमचा बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. दुकानात कुणी म्हणतं पकडून लांब सोडा, कुणी म्हणतं नसबंदी करा, कुणाला सरळ गोळीच घालायची असते. मला विचाराल तर पहिला उपाय दिवसाची वीज. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकारने २०२४ पासून माफ केलं, चांगलं केलं. पण वीज रात्रीची आली तर बॅटरी आणि काठी घेऊन उसाच्या कडेने मोटार चालू करायला जावंच लागतं. त्या वेळी बिल माफ असल्याचं काय कौतुक? सौरऊर्जेवर काही भागांत आता दिवसा वीज मिळू लागली आहे. तिथली माणसं दुकानात आली की बिबट्याबद्दल जरा कमी बोलतात, हे मी पाहिलंय. ‘बिल घ्या, पण दिवसा द्या,’ असं म्हणणारेही पुष्कळ आहेत.

आता कांदा. निफाडमध्ये मत मांडायचं आणि कांद्यावर बोलायचं नाही, असं होत नाही. लासलगाव आमच्याच तालुक्यात, पिंपळगाव बसवंतही आमच्याच तालुक्यात. बाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगतो, की उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात. डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. मग तो साठवणीच्या चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकला जातो. म्हणजे बी मातीत पडल्यापासून शेवटची ट्रॉली रिकामी होईपर्यंत वर्ष लोटतं. शेतकरी एकदा ठरवतो आणि वर्षभर त्या निर्णयाला बांधलेला असतो.

सरकारचं तसं नाही. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. चाळी भरलेल्या होत्या. सोमवारी लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. आणि ७ डिसेंबरच्या रात्री थेट निर्यातबंदी. आम्ही झोपलो तेव्हा कांदा क्विंटलला चार हजाराच्या आसपास होता, पुढच्या पंधरवड्यात तो जवळपास अर्ध्यावर आला.

त्या डिसेंबरातली एक दुपार मला चांगली आठवते. एक जुनं गिऱ्हाईक ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला लावून आत आलं. लाल कांदा विकून आला होता, खिशात लिलावाची पट्टी. ती त्याने काढली, काउंटरवर ठेवली, हाताने सरळ केली आणि माझ्याकडे सरकवली. काही बोलला नाही. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन खाली जो आकडा उरला होता, त्यावर त्याने बोट ठेवलं.

‘शेठ, उन्हाळचं रोप तयार आहे. लावू का रोटर मारू?’

मी काय सांगणार? मागे अंगठ्यासाठी थांबलेले एक नाना म्हणाले, ‘लाव बाबा. आपल्याला दुसरं येतं काय?’

‘लावतो नाना. पण मार्चला कोण घेणार?’

‘मार्चला निवडणूक आहे. काहीतरी करतीलच.’

त्याने दरवर्षीच्या निम्म्या गोण्या घेतल्या, त्याही वहीवर. दिल्लीतली अधिसूचना आमच्या दुकानात अशी पोचते. मजुराची मजुरी कमी होते, सोसायटीचा हप्ता थकतो, पोराच्या क्लासची फी पुढच्या महिन्यावर जाते, आणि उधारीच्या वहीचं पान भरतं.

यावर शहरातल्या लोकांचंही म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. माझी बहीण कल्याणला असते. कांदा साठ रुपयांवर गेला की तिचा फोन येतो, ‘दादा, तुमची तर चंगळ असेल!’ तिच्या घरात एक पगार आणि खाणारी पाच तोंडं. तिने स्वस्त कांदा मागितला तर तिचं काय चुकलं? आणि सरकारं कांद्याला घाबरतात तेही उगाच नाही. १९९८ साली दिल्ली राज्यातलं सरकार गेलं, त्यात महागलेल्या कांद्याचा हात होता. ते भय अजून गेलेलं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. भाव चढला की रात्रीतून अधिसूचना निघते. पडला की कुणाची झोप मोडत नाही. २०१८ च्या हिवाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या नैताळ्याच्या एका शेतकऱ्याने सुमारे साडेसातशे किलो कांदा किलोला १ रुपया ४० पैशांनी विकला. हातात १,०६४ रुपये आले. त्याने ते पंतप्रधानांच्या आपत्ती निवारण निधीला मनीऑर्डर करून पाठवले आणि वर पदरचे ५४ रुपये टपालखर्चाला घातले. ती मनीऑर्डर परत आली, पैसे ऑनलाइन पाठवा म्हणून. आमच्या भागात अजून ही गोष्ट सांगितली जाते. आधी हसू येतं, मग कुणी हसत नाही.

निर्यातबंदी ३१ मार्च २०२४ ला उठायची होती, ती आणखी लांबवली. मधेच एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याचे दोन हजार टन बाहेर पाठवायला परवानगी मिळाली. त्या आठवड्यात दुकानात जे शब्द ऐकू आले ते छापता यायचे नाहीत. शेवटी ४ मेला बंदी उठली, शुल्क आणि किमान मूल्य ठेवून. आमचं लोकसभेचं मतदान २० मेला. इतक्या उशिरा टाकलेल्या खताने पीक सुधारत नाही, हे मला दुकानदार म्हणून सांगता आलं असतं.

आमचा दिंडोरी मतदारसंघ. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी पडल्या आणि भास्कर भगरे सर निवडून आले. त्या मोजणीतली गंमत वेगळीच. भगरे सरांची निशाणी तुतारी वाजवणारा माणूस. आणि दुसरे एक अपक्ष, त्यांचंही आडनाव भगरे, निशाणी पिपाणी. निवडणूक आयोगाच्या यादीत तिलाही तुतारीच म्हटलेलं. त्या अपक्षाला एक लाखावर मतं पडली! चार जूनला दुकानात टीव्हीसमोर गर्दी होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, ‘तू कोणती दाबली?’ माझ्या मते अशी निशाणी यादीत ठेवणं हा मतदाराचा अपमान आहे. तो अडाणी होता म्हणून चुकला नाही. त्याच्यापुढे चुकीचीच सोय करून ठेवली होती.

पुढे नोव्हेंबरात विधानसभा आली आणि ज्या तालुक्याने मे महिन्यात राग काढला, त्याच तालुक्याने महायुतीचे दिलीप बनकर निवडून दिले. मुंबईच्या चॅनेलवर याला लाट म्हणत होते. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. मधल्या काळात सप्टेंबरात किमान निर्यात मूल्य गेलं होतं, शुल्क २० टक्क्यांवर आलं होतं, आणि जुलैपासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला दीड हजार सुरू झाले होते.

लाडकी बहीण हा दुकानात भांडण लागायचा हमखास विषय. पुरुष गिऱ्हाइकांचं एकच पालुपद, ‘दीड हजार बसल्या जागी मिळतात, आता लागवडीला बाया येत नाहीत.’ एकदा आमची मंडळी जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने ते ऐकलं आणि म्हणाली, ‘भाऊ, पन्नास रुपये रोज पडतो त्याचा. तेवढ्यात तुम्ही घरी बसाल का? बाया येत नाहीत, कारण शेजारचा तुमच्याहून जास्त रोज देतो.’ तो गृहस्थ गोणी उचलून गेला. या बाबतीत माझं मत तिच्याच बाजूचं आहे. एवढंच म्हणेन, की बहिणीला दीड हजार द्यायचे आणि तिच्या नवऱ्याचा कांदा पाडायचा, याला मदत म्हणत नाहीत.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क पूर्ण गेलं. सगळ्यांना वाटलं, आता दिवस पालटले. पण त्या वर्षी चाळीतला कांदा हजार-बाराशेच्या आसपास घुटमळत राहिला, पुढे त्याच्याही खाली गेला. कारण परदेशातला घेणारा आमच्यासाठी दुकान मांडून बसलेला नव्हता. आम्ही दार लावलं तेव्हा त्याने पाकिस्तानचा कांदा घेतला. बांगलादेशाने स्वतःचा पिकवायला जोर लावला. माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे, दुकान चार दिवस बंद दिसलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, आणि तिथं त्याला उधारी मिळाली तर परत येत नाही.

यावर पोरं म्हणतात, आंदोलन करा. आंदोलन आमच्या तालुक्याला नवीन नाही. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या आंदोलनात खेरवाडीला शेतकऱ्यांनी रेल्वे अडवली होती. गोळीबार झाला, दोघं जिवाला मुकले. तेव्हाही मागणी कांद्याच्या आणि उसाच्या भावाचीच होती. तो दिवस पाहिलेले एक आजोबा अजून माझ्याकडे फवारणीचं औषध न्यायला येतात. नातू मोबाइलवर कुणा पुढाऱ्याचं भाषण लावतो तेव्हा ते म्हणतात, ‘बंद कर ते. माल विकायला कधी काढायचा ते विचार त्याला.’

त्यांचं बरोबर आहे. हमीभाव, अनुदान, कर्जमाफी, सगळ्यावर दोन बाजू आहेत आणि माझ्या काउंटरवर दोन्ही बाजूंचे लोक येतात. पण एका गोष्टीवर आजवर कुणाचं दुमत झालेलं मी ऐकलं नाही, लासलगावच्या व्यापाऱ्याचंही नाही आणि पाटीवर कांदा निवडणाऱ्या बाईचंही नाही. नियम मधेच बदलू नका.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ साली याच निफाडात जन्मले. सरकारपुढे आकडे मांडायचे, अर्ज करायचा, पुन्हा करायचा, हा त्यांचा रस्ता. त्यांच्या गावचा म्हणून मीही एक अर्ज करतो. निर्यात खुली ठेवायची की बंद, शुल्क किती, बफरसाठी खरेदी किती आणि कोणत्या भावाने, हे सगळं सप्टेंबरअखेर, रोप टाकायच्या आधी जाहीर करा. आणि एकदा जाहीर केलं की चाळ रिकामी होईपर्यंत त्याला हात लावू नका. भाव कमी ठरवलात तर आम्ही कांदा कमी लावू, मका लावू, सोयाबीन लावू. ते आमचं आम्ही बघू. कोणत्याही पक्षाचं सरकार असो, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.