भिगवण : फुगवट्याकांठचीं घरें आणि भोगीचें ताट

पुण्याहून दौंडमार्गें सोलापुराकडे जाणाऱ्या आगगाडीनें भिगवणास उतरणारे पुष्कळ प्रवासी हल्लीं पक्षी पाहावयास येतात. हिवाळ्यांत भीमेच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून आलेले हंसही दिसतात. कुंभारगांवचे नावाडी पाहुण्यांस त्यांच्याजवळ नेतात. आमच्या संस्कृत कवींनीं ज्यांचें नातें मानससरोवराशीं जोडलें, ते हंस इंदापूर तालुक्यांत पाहून कोणासही आनंद होईल. परंतु माझा मुक्काम संक्रांतीच्या सणांत पडल्यामुळें माझें लक्ष पाण्यापेक्षां घरांकडेच अधिक लागलें.

हा जलाशय उजनी धरणाचा. धरण १९८० सालीं पुरें झालें. त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. सोलापूर शहराची तहान आणि हजारों शेतकऱ्यांची शेती त्यावर चालते. मात्र त्यासाठीं भीमाकांठचीं कितीतरी जुनीं गांवें पाण्याखालीं गेलीं. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देवालय उघडें पडतें आणि लोक दर्शनास लोटतात.

त्या बुडालेल्या घरांपैकीं पुष्कळ माळवदाचीं होतीं. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर लांकडी किलचा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत असें घर थंड राही. पण तें दरवर्षीं सेवा मागे. मृगापूर्वीं माळवदावरचें गवत उपटावें, उंदरांचीं बिळें बुजवावीं, नवी पांढरी चाळून पसरावी, पाणी शिंपडून चोपावी आणि उतार पन्हाळीकडे राखावा, हें काम सारें घर मिळून करी. हल्लींच्या स्लॅबाच्या घरास एवढी दगदग नाहीं; मात्र तें गळूं लागलें म्हणजे गवंड्याची वाट पाहात बसावें लागतें.

मी ज्या कुटुंबांत उतरलों होतों, त्यांचें जुनें घर असेंच पाण्यांत गेलेलें. नव्या घराचें सागवानी दार मात्र जुनेंच. थोरल्या काकूंना मीं त्याविषयीं विचारलें. त्या म्हणाल्या, "दार आणलें, जातें आणलें, पाटावरवंटा आणला. माळवद कसें आणणार, गुरुजी?"

भोगीच्या दिवशीं मात्र त्यांच्या स्वयंपाकांत कांहीं उणें नव्हतें. वांगीं, गाजर, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, बोरें आणि उसाचे चार करवे अशी ती मिसळीची भाजी. आधीं दाणे व सोलाणे शिजवावयाचे, वांगीं मागाहून, नाहींतर त्यांचा लगदा होतो. शेवटीं तिळाचें कूट, चिंच आणि गूळ. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाची खिचडी. दुसऱ्या दिवशीं गूळपोळी. सारण पोळीच्या कडेपर्यंत जावें, पण बाहेर येऊं नये. आलें कीं गूळ तव्यावर करपतो.

पूर्वीं ह्यांतले बहुतेक जिन्नस त्यांच्या शेतांतले असत. आतां शेतांत ऊस उभा आहे. करवे दारचे आणि तीळ बाजारचे. तरी ताट तेंच राहिलें आहे, कारण तें काकूंच्या हातांत होतें. माळवदाची विद्या मात्र दहापांच वर्षें कोणी वापरली नाहीं आणि पुढच्या पिढीस ती ठाऊकच राहिली नाहीं. ताटाचेंही असें होण्यास एका पिढीचा अवकाश पुरतो. सुनेनें प्रमाण विचारलें कीं काकूंचें उत्तर एकच : "अंदाजानें."

ह्यावर त्यांच्या शाळकरी नातीनें तोड काढली. काकू तीळ भाजीत असतां ती शेजारीं वही घेऊन बसली. प्रत्येक मूठ वाटीनें मोजून लिहूं लागली. भाजी झाली, गूळपोळी झाली, मग तिनें विचारलें, "आणि माळवद कसें करीत?" काकूंनीं तेंही सांगितलें, पांढरी कोठून आणीत येथपासून. घरोघरच्या मुलांनीं आपल्या आजीआजोबांपाशीं अशी एक वही घेऊन बसावें. सणासारखा मुहूर्त त्यास दुसरा नाहीं.