दमानं येणारा राग

बँडचा पहिला अल्बम म्हटला की त्याचे चाहते हळवे होतात. सूर निसटला तर तो प्रामाणिकपणा, मुद्रण गढूळ झालं तर ती तळमळ. मला हे कधी पटलं नाही. कच्चं ते कच्चंच. म्हणून मशीन हेड या ओकलंडच्या मेटल बँडचा ‘बर्न माय आइज’ मला अजूनही अभिजात वाटतो, तो पहिला आहे म्हणून नव्हे. ९ ऑगस्ट १९९४ ला रोडरनर कंपनीनं काढलेल्या या अकरा गाण्यांत कच्चेपण जवळपास नाहीच. पंचविशीच्या आसपासची चार पोरं एवढा राग घेऊन स्टुडिओत शिरतात आणि तो कुठे रोखून धरायचा हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, याचं मला आश्चर्य वाटतं. ते आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ऐंशीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातालगतच्या गावांत थ्रॅश मेटल फोफावलं. मेटालिका, एक्सोडस, टेस्टामेंट. या मंडळींचा सगळा भर वेगावर. गिटारवाल्याचा उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा चालला पाहिजे आणि ड्रमरनं त्याच्याही पुढे पळायचं. ऐकताना मान हलते, पण कमरेखालचं शरीर नुसतं उभं राहतं. मग १९९० मध्ये न्यू ऑर्लिन्सचा एक्झॉर्डर आणि टेक्सासचा पॅन्टेरा यांनी तीच जड गिटार घेतली आणि चाल उतरवली. दोन फटक्यांच्या मध्ये जागा सोडली. ग्रूव्ह मेटल ते हेच. पॅन्टेराचा ‘काउबॉइज फ्रॉम हेल’ अनेकांना त्यांचा पहिला अल्बम वाटतो, प्रत्यक्षात तो पाचवा. आधीचे चार वेगळ्याच थाटाचे होते आणि बँडनंही पुढे त्यांची फारशी आठवण काढली नाही. मशीन हेडला असे चार अल्बम गिरवावे लागले नाहीत. अर्थात त्यांच्या गायकाचं, रॉब फ्लिनचं, गिरवणं आधीच झालं होतं. तो व्हायोलन्स नावाच्या थ्रॅश बँडमधून बाहेर पडला होता. पळून झालं होतं, आता चालायचं होतं.

आमच्याकडे हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. बेलापुरात, प्रवरेच्या काठाला, लग्नाच्या वरातीत किंवा यात्रेत हलगी ऐकलेल्या माणसाला ते अंगानं कळतं. नवशिका हलगीवाला सुरुवातीपासूनच जोरात सुटतो आणि पाच मिनिटांत लोक चहाकडे वळतात. मुरलेला मात्र घुमकं आणि कैताळाला पुढे चालू देतो, स्वतः एक फटका मुद्दाम खातो, आणि त्या खाल्लेल्या फटक्यावर सगळी वरात एकदम पाय आपटते. नाचणाऱ्याचा पाय त्या न वाजलेल्या जागेत पडतो. ‘बर्न माय आइज’मध्ये अशा जागा ठायी ठायी आहेत.

पहिलंच गाणं घ्या, ‘डेव्हिडियन’. सुरुवात ड्रमवर. ख्रिस कॉन्टोस दोन्ही पायांनी एक गडगडती चाल धरतो, मग गिटार येते, आणि त्या खर्जातल्या ठोक्यांच्या मध्ये तारेची एक तीक्ष्ण किंचाळी सुटते. ती किंचाळी हीच या गाण्याची ओळख. मला मात्र ती ऐकायला शिकवली ती हरेगावच्या एका मित्रानं. हरेगाव म्हणजे बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याचं गाव. सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आमच्या पंचक्रोशीत तेव्हा खराखुरा ड्रमसेट मी पाहिला तो तिथेच, प्रार्थनेच्या वाद्यवृंदात. हा मित्र रविवारी तिथे वाजवायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये. कॅसेट ऐकवली तेव्हा मी गिटारीबद्दल भरभरून बोलत होतो. तो म्हणाला, “अरे, गिटार सोड. त्याचा पाय ऐक. पाय कुठं थांबतो ते ऐक.” एवढंच बोलून त्यानं टेप मागे फिरवली. त्यानंतर मी ते गाणं पायांच्या बाजूनं ऐकू लागलो, आणि मग सबंध अल्बमच.

कॅसेटबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या पिढीचं अर्धं संगीतज्ञान कॅसेटच्या लांबीवर अवलंबून होतं. नगरच्या वसतिगृहात कुणाकडून तरी कुणाकडे आलेली ती साठ मिनिटांची भरून घेतलेली कॅसेट. अल्बम साडेपंचावन्न मिनिटांचा, म्हणजे हिशेबानं आरामात बसायला हवा. पण पहिली सहा गाणी मिळून तेहतीस मिनिटांच्या जवळ जातात, त्यामुळे सहावं ‘डेथ चर्च’ मध्येच खट्‌कन तुटायचं. ते गाणं मुळात संथ, ओढत चालणारं, धुक्यासारखं. त्याचा शेवट कसा होतो हे मला सीडी हाती लागेपर्यंत माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर पूर्ण ऐकल्यावर वाटलं, कॅसेटनं ते योग्य ठिकाणी कापलं होतं.

सुट्टीत मी नगरहून गाडीनं बेलापूर स्टेशनवर उतरायचो. स्टेशन श्रीरामपुरात, नाव बेलापूर. नवी मुंबईच्या बेलापूरचं म्हणून इथलं तिकीट काढणारे पाहुणे प्रत्येक घरात एखादे तरी असतात. गळितात फाटकाशी उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली असायची, प्रत्येक ट्रॅक्टरवर मोठ्ठाले स्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. त्या गोंगाटात कानाला वॉकमन लावून ओकलंडच्या पोरांचा संताप ऐकणं, यात तेव्हा मला काही विसंगत वाटलं नाही. आताही वाटत नाही.

ओकलंड हे नाव इथे महत्त्वाचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, पाण्याच्या पलीकडचं बंदराचं शहर. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ मध्ये इथेच निघाला. १९८९ च्या भूकंपात इथला दुमजली महामार्ग कोसळून माणसं चिरडली. ऑक्टोबर १९९१ मध्ये शहराच्या टेकड्यांवर वणवा पेटला, त्यात २५ जण गेले. मशीन हेडची सुरुवात त्याच महिन्यातली. पुढच्या एप्रिलअखेर रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस जळलं, साठहून अधिक माणसं मेली. अल्बममधलं दहावं गाणं हे खरं तर गाणं नाहीच. त्या दिवसांतले बातम्यांचे आवाज गिटारीवर अंथरले आहेत. आणि ‘डेव्हिडियन’च्या मागे आहे टेक्सासमधलं वेको: फेब्रुवारी ते एप्रिल १९९३, ५१ दिवसांचा वेढा आणि शेवटी आगीत जळालेला एका पंथाचा आश्रम.

ही सनावळ मराठी माणसानं पुन्हा एकदा वाचावी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबईत दंगली. १२ मार्चला बॉम्बस्फोट. ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप. वेको जळलं ते मुंबईच्या स्फोटांनंतर सव्वा महिन्यानं. मी तेव्हा शाळेत होतो. मुंबईत कामाला असलेले गावचे लोक त्या हिवाळ्यात अचानक घरी आले होते, आणि दैनिक ‘सार्वमत’ वाचून झाल्यावर मोठी माणसं तो घडी घालून वर ठेवून द्यायची, आम्हाला दिसू नये म्हणून. घरात कुणी काही बोलायचं नाही. ती न बोललेली धाकधूक मला चार वर्षांनी एका परक्या कॅसेटमध्ये ऐकू आली, इंग्रजीत, अर्धी न समजून. त्या पोरांना बेलापूर माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते आपल्याच शहराबद्दल, आपल्याच टीव्हीवर पाहिलेल्या आगीबद्दल बोलत होते. जगाबद्दल सरसकट चिडलेली गाणी मी नंतर ढिगानं ऐकली. त्यांतलं एकही आता आठवत नाही, कारण त्या रागाला पत्ता नव्हता.

मात्र नुसता पत्ता असून भागत नाही. त्याच सुमारास बातम्यांवर चिडलेले बँड पुष्कळ होते. हा अल्बम टिकला तो संयमामुळे, हे माझं मत दरवेळी ऐकताना पक्कं होतं. या चौघांना पळता येत नव्हतं असं नाही. ‘ब्लड फॉर ब्लड’ ऐका, पावणेचार मिनिटांत ते सगळं थ्रॅश ओकून मोकळे होतात. म्हणजे वेग त्यांच्या मुठीत होता आणि तो त्यांनी राखून ठेवला. ‘अ नेशन ऑन फायर’ दबक्या आवाजात सुरू होतं आणि शेवटापर्यंत चढत जातं. निर्माता कॉलिन रिचर्डसन हा इंग्रज. त्यानं बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत गिटार इतकी कोरडी आणि जवळ ठेवली की गुंजन उरतच नाही. फटका संपला की संपला. गुंजन ठेवलं असतं तर मधल्या जागा भरून गेल्या असत्या आणि ठेका बुजला असता. पुढच्या दहा वर्षांत हजारो बँडांनी ही गिटार उचलली. मधली जागा फार थोड्यांनी.

उणिवाही सांगतो, नाहीतर ही आरती होईल. शब्द ठिकठिकाणी पोरकट आहेत. शिवी विरामचिन्ह म्हणून वापरली की तिची धार जाते. ‘ब्लॉक’ हे शेवटचं गाणं मैफिलीत हजारो लोकांसोबत ओरडायला ठीक, घरी एकट्यानं ऐकताना ते थोडं ओशाळवाणंच वाटतं. मध्ये वीसेक मिनिटं अल्बम एकाच उंचीवर चालतो. आणि फ्लिन जिथे जिथे खरोखर गातो तिथे तो अजून शिकाऊ आहे. हे सगळं मान्य करूनही मी कधी गाणं पुढे ढकलत नाही. ‘डेथ चर्च’चा अपवाद.

पुढे काय झालं ते बँडांच्या बाबतीत नेहमीचंच. स्लेयरसोबत युरोपचा दौरा झाला, नाव झालं. १९९९ मध्ये स्लिपनॉट येईपर्यंत रोडरनरच्या कुठल्याच पदार्पणाचा एवढा खप झाला नव्हता, असं सांगतात. कॉन्टोस लवकरच गेला, गिटारवाला लोगन मेडर १९९८ मध्ये, बास वाजवणारा अ‍ॅडम ड्यूस २०१३ मध्ये. मधल्या काळात बँड फॅशनच्या मागे लागला आणि मग २००७ च्या ‘द ब्लॅकनिंग’नं सावरला. वादनाच्या कसोटीवर तो अल्बम पहिल्यापेक्षा सरस आहे, यात वाद नाही. २०१९ मध्ये पंचवीस वर्षं झाली म्हणून फ्लिननं कॉन्टोस आणि मेडरला पुन्हा बोलावलं, सबंध ‘बर्न माय आइज’ रंगमंचावर वाजवला आणि स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रितही केला. मी तो उत्सुकतेनं ऐकला. हात जास्त सफाईचे, आवाज जास्त भरदार, सगळं जागच्या जागी. दोनदा ऐकला आणि जुन्याकडे परतलो. नव्यात चौघांना प्रत्येक फटका कुठे पडणार हे आधीच माहीत आहे. जुन्यात ते तो ठरवत आहेत. ज्यांनी केलं त्यांनाही पुन्हा करता येत नाही, अशा गोष्टीला दुसरं काय म्हणायचं?

मार्च २००८ मध्ये मशीन हेड मेगाडेथबरोबर बंगळूरला वाजवून गेला. महाराष्ट्रातून पोरं रेल्वेनं, बसनं गेली होती. मी गेलो नाही. तोवर घर, नोकरी आणि उसाचं पाणी यांच्या पाळ्या लागल्या होत्या. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात एकेकाळी जे जड संगीत घुमलं त्याची दुसरी पिढी तेव्हा हाताशी येत होती. भयानक मौत हा बँड नाव घेताच हिंदी भयपटाचं पोस्टर डोळ्यांपुढे उभं करतो, पण वाजवायला लागला की हसू पळतं. आणि झिग्नेमा. जिमी भोरे, सिद्धार्थ कडादी आणि त्यांचे साथीदार. त्यांचा पहिला अल्बम ‘बॉर्न ऑफ युनिटी’ २०१० चा. ओकलंडच्या त्या अल्बमचं ऋण त्याच्या अंगावर स्पष्ट दिसतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केलेला नाही. मला तो आवडतो तो त्यातल्या जड चालीसाठी: ही मुंबईची पोरं असूनही लोकलच्या घाईत नाहीत. तो ‘बर्न माय आइज’च्या उंचीला पोचतो असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी आणि दिवाळी अंकांनी या मुलांची जेवढी दखल घेतली, त्याच्या दसपट तरी घ्यायला हवी होती.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. यातलं काही ऐकणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका; त्यात खालचा अर्धा आवाज येतच नाही आणि उरतो तो नुसता आरडाओरडा, मग तुम्ही म्हणाल की हा माणूस काहीही सांगतो. चांगले हेडफोन घ्या, शब्दांकडे पहिल्यांदा लक्ष देऊ नका, ‘डेव्हिडियन’ लावा आणि ड्रमरचा पाय कुठे थांबतो ते ऐका. जमलं तर लगेच त्याच बैठकीत ‘बॉर्न ऑफ युनिटी’ही लावा. आणि पुढच्या वरातीत हलगी वाजेल तेव्हा दोन मिनिटं बाजूला उभं राहून तिचाही न वाजलेला फटका मोजा.