ओरखडा

गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याकडे कोळवणला गेलो होतो. पौडहून भातखाचरांतून येणारा हा रस्ता एरवी शांत; रविवारी मात्र चिन्मय विभूती आणि हाडशीच्या मंदिराकडे निघालेल्या पुण्याच्या गाड्यांनी तो गजबजतो. जागा मिळेना, म्हणून उतारावर एका नव्या पिकअपला खेटून गाडी लावली. दार उघडले आणि वाऱ्याने ते हातातून हिसकावले. पिकअपवर वीतभर ओरखडा उमटला.

मी आधी काय केले? कुणी पाहिले का, ते पाहिले. वर्गात मूल्यांवर तास तास बोलणाऱ्याचे हे वर्तन! मग ओरखड्यावरून नख फिरवले. ते अडकले, म्हणजे पॉलिशने भागणार नव्हते. अखेर वायपरखाली नाव-नंबराची चिठ्ठी ठेवली.

संध्याकाळी फोन आला. "सर, ओरखडे आधीचेही दोन आहेत. चिठ्ठी ही पहिलीच."

रंगाचे पैसे त्यांनी घेतले, हे बरे झाले. स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती केली असती, तर माझ्या चुकीपायी त्यांची 'नो क्लेम बोनस'ची सवलत गेली असती. ती २० ते ५० टक्क्यांपर्यंत असते.

हल्ली मी दार डाव्या हाताने उघडतो. नेदरलँड्समधली ही सवय मूळची सायकलस्वारांना जपण्यासाठी. त्यामुळे अंग वळते आणि शेजारी कोण आहे ते दिसते. उजवा हात दाराच्या कडेवर असतो. माझ्यावरचा ओरखडा मात्र त्या पहिल्या नजरेचा आहे. तो अजून बुजलेला नाही.