बाळाची सावली, आईची तहान

आज अंदमानची बॅग भरायला घेतली. बाळ चार महिन्यांचं, ताई पाच वर्षांची.

डिसेंबरातही तिथे हवा उष्ण आणि दमट असते. म्हणून झबली, लंगोट, दुपटी सगळी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती घेतली. सहा महिन्यांखालच्या बाळाला शक्यतो सनस्क्रीन लावत नाहीत, तेव्हा त्याची सावली आपणच न्यायची: काठाची टोपी, लांब बाह्यांचे पातळ कपडे, छत्री आणि घडीची मच्छरदाणी. अंगावर पिणाऱ्या बाळाला या वयात उन्हाळी हवेतही वरचं पाणी लागत नाही, दूध पुरतं. म्हणजे तहान माझी सांभाळायची. पाण्याची सर्वांत मोठी बाटली माझ्यासाठी ठेवली.

ताईसाठी ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, स्वराज द्वीपच्या बोटीत चघळायला कुरमुरे. तिने शिंपल्यांसाठी रिकामी डबी घेतली होती. जवळ बसवून सांगितलं, तिथले प्रवाळ आणि शंख उचलून आणायचे नसतात, ते समुद्रातल्या जिवांची घरं. तिने डबीत रंगखडू भरले. फार बरं वाटलं.

अंदमान इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे या दिवसांत तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी किनारा, दुपारी झोप, लवकर जेवण. मुलांची रोजची लय तिथेही जपता येईल. तेवढी जपली की नवी जागा त्यांना परकी वाटणार नाही, आणि समुद्र आम्हा सगळ्यांना मनसोक्त पाहता येईल.